वेळेवर न आलेलं विमान

त्सुफेनहाउझेन, रविवार, १९ जानेवारी

बाबा,

हे पत्र आई तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, तेव्हा आधी दोन शब्द तिच्यासाठी. आई, मी हातानं लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं काही घुसडू नकोस, सरळ मला विचार. आणि गाळायचं काही नाही. 'हे ह्यांना नको ऐकायला' असं जिथे वाटेल, ते तर नक्की वाच.

आता तुम्ही. अडीच वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्हीही मला लिहिली नाहीत. आता तुमची वाचा गेल्यावर मी कागद घेऊन बसलेय. यात काही शौर्य नाही, हे मला कळतं. समोरच्याला उत्तर देता येत नसेल तेव्हा बोलायला कुणीही पुढे येतं.

आईनं सगळं सांगितलं. आठ तारखेला सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला, उजवी बाजू गेली, शब्द गेले. ऐकू येतं, समजतं, पण बोलता येत नाही. फोन कानाशी धरला की तुम्ही मान फिरवता म्हणे. माझा आवाज नको म्हणून फिरवता, की फोनचाच त्रास होतो म्हणून, ते काही आईला सांगता येईना. म्हणून हे पत्र.

मी का आले नाही, तर माझं इथं राहण्याचं कार्ड बारा जानेवारीला संपलं. नवीन कार्डासाठी अर्ज केलाय, तो पोचल्याची ईमेलही आली आहे, पण ईमेल दाखवून जर्मनीत परत शिरता येत नाही. त्यासाठी बेहोर्डचा, म्हणजे आम्हा परदेशी लोकांच्या ऑफिसचा, एक तात्पुरता कागद लागतो. त्याचा टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, अजून मिळालेला नाही. तसंच निघाले तर बाहेर अडकेन, आणि पीएच.डी.चे शेवटचे चार महिने राहिलेत. साडेचार वर्षं प्रयोगशाळेतल्या भट्टीसमोर काढली आहेत, बाबा. कागद मिळाला की दुसऱ्या दिवशी विमानात बसते.

तुम्ही औषधं थुंकू नका. आईनं सांगितलंय मला.

कौमुदी

त्सुफेनहाउझेन, रविवार, २ फेब्रुवारी

बाबा,

आईनं काल व्हॉइस मेसेज पाठवला. त्या ईश्वरीताई, ज्या तुम्हाला बोलायला शिकवायला येतात, त्यांनी आईला रामरक्षा म्हणायला सांगितली, तुम्हाला सोबत येतेय का बघायला. तुम्ही भिंतीकडे बघत बसलात. मला हसू आलं. आयुष्यभर देवघरात फक्त बल्ब बदलायला गेलेला माणूस रामरक्षा कुठून म्हणणार. मग त्यांनी आकडे घेतले आणि तुम्ही एक ते दहा घडाघडा म्हणालात. आई रडली. मी इथं स्वयंपाकघरात रडले, आणि माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी घाबरून टिश्यूंचा अख्खा डबा देऊन गेली.

पुढचं ऐकून मात्र मी ताठ बसले. आईनं तुमची ती पेटी डाव्या हाताशी ठेवली, आणि तुम्ही दांडा पुढे ढकलत ढकलत दहा आकडे म्हणालात.

ईश्वरीताई आता ऐकत असतील तर त्यांना सांगते. बाबांनी टूलरूममधली नोकरी संभाळून तीस वर्षं मावळातल्या शाळाशाळांतून एकच व्याख्यान दिलं, 'वेळेवर न आलेलं विमान'. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी जगातलं पहिलं लढाऊ जेट रणात उतरवलं, मेसरश्मिट दोनशे बासष्ट. शत्रूच्या विमानांपेक्षा ताशी दीडशे किलोमीटरनं पुढे. नाकात चार तोफा. बाबा हे सांगायला लागले की मुलांच्या माना वर आणि मास्तरांच्या घड्याळाकडे. पण इंजिन होतं नाजूक. थ्रॉटलचा दांडा झटक्यात पुढे ढकलला की एकतर ज्वाला विझायची, नाहीतर पाती जळायची. म्हणून बाबांनी सागवानी पेटी केली, तिच्यात दांडा, आतून तारा आणि वर एक लाल बल्ब. दहा आकडे मोजत दांडा हळूहळू नेला तर बल्ब शेवटपर्यंत पेटलेला राहतो, घाई केली की विझतो. सहा वर्षांची असताना मी तो रोज विझवायचे. बाबा एकच वाक्य म्हणायचे, "कौमुदी, इंजिन तयार झालं की तेच सांगतं, तोवर दम धर."

म्हणून मला कळलं, बाबा. तुम्ही मला सांगताय. घाई करू नकोस, कागद येऊ दे, काम पुरं कर आणि मग ये. बरोबर ना? आईला म्हणाले तर ती म्हणाली, असेलही बाई, तुम्हा दोघांचं तुम्हालाच ठाऊक.

मी दम धरते. तुम्हीही धरा.

कौमुदी

त्सुफेनहाउझेन, रविवार, १६ फेब्रुवारी

बाबा,

आज विमानाबद्दलच लिहिणार आहे. आई, अडलीस तर अडलीस, पण वाच.

इथून तासाभरावर एका खेड्यात छोटं खासगी संग्रहालय आहे. ते ब्रेनर नावाचे ऐंशीच्या घरातले आजोबा चालवतात. शेतात नांगरताना सापडलेल्या एका इंजिनाची चार पाती त्यांनी आमच्या संस्थेला तपासायला दिली. दोनशे बासष्टच्या इंजिनाची, बाबा. प्रोफेसरांनी विचारलं कोण करेल, आणि माझा हात माझ्याआधी वर गेला.

हातात घेतलं तर हलकं. पोकळ आहे. पत्रा वाकवून, दुमडून, मागच्या कडेला वेल्ड केलेलं. तुम्ही मुलांना सांगायचात ना, निकेल नव्हतं, क्रोम पुरत नव्हतं, म्हणून त्यांनी थोडक्या धातूत भागवलं आणि आतून हवा खेळवून पातं गार ठेवलं. तुम्ही त्याला हुशारी म्हणायचात. हुशारी आहेच, मी पात्याचा काप घेऊन डोळ्यांनी बघितली. आणि तरी ते इंजिन वीस-पंचवीस तास चालायचं, कधीकधी दहाच. मग उतरवा आणि दुसरं चढवा. जर्मनांचंच दुसरं जेट, हाइंकेल कंपनीचं, लाकडी पंखांचं. त्याच्या पंखाला पर्यायी गोंद लावला, त्यानं लाकूडच खाल्लं, आणि बड्या मंडळींसमोर उडवून दाखवताना पंखाची कड सुटून वैमानिक गेला. तुम्ही त्याचं मॉडेल करताना फेव्हिकॉलची बाटली वर धरून म्हणायचात, एवढ्यानं अडलं बघा.

आपलं भांडण कशावरून झालं ते आईला पुरतं माहीत नाही. ती तेव्हा आत शिरा करत होती. तुमच्या पासष्टाव्या वाढदिवसाचं ऑनलाइन व्याख्यान, साठ-सत्तर माणसं, तुमचे टूलरूमचे जुने सोबती, माझे इथले मित्र. तुम्ही नेहमीप्रमाणे शेवटाला आलात. हिटलरनं हट्ट धरला की या विमानानं बाँब टाकायचे, त्या एका हुकमानं वर्ष गेलं, नाहीतर हे विमान वेळेवर आलं असतं. मी माइक सुरू केला आणि म्हणाले, हुकमानं नाही, धातूनं उशीर झाला, हुकूम नसता तरी इंजिन तयार नव्हतं. तुम्ही मान डोलावलीत. छान वाटलं तुम्हाला, पोरगी बोलतेय. तिथं थांबायचं होतं मी. थांबले नाही. म्हणाले, "आणि हे विमान भुयारांत कैद्यांकडून बांधून घेतलं, ते बांधताना किती मेले, हे तुम्ही तीस वर्षांत एकदा तरी सांगितलंत का?"

तुम्ही लॅपटॉप मिटलात. सत्तर जणांसमोर. शिरा कुणी खाल्ला नाही, एवढंच आईला ठाऊक.

आता पात्याबद्दल. मायक्रोस्कोपखाली वेल्ड बघितला. मुळाकडून निम्म्यापर्यंत सुरेख, तुम्ही शाबास म्हणाला असता असा. निम्म्यानंतर बिघडत गेलाय, भोकं पडलीत, टोकाशी तर धड चिकटलेलाच नाही. मी चार दिवस त्याच्याकडे बघत बसले. कुणी मुद्दाम बिघडवला? हात थकला? उपाशी होता? की पत्राच वाईट होता? तो कैदी होता की पगारी कामगार, हेसुद्धा कळायला मार्ग नाही. सगळी यंत्रं आहेत माझ्याकडे, बाबा, आणि एवढं एक सांगता येत नाही. अहवालात मी लिहिलं, 'कारण अनिश्चित'.

जाता जाता एक. परवा ईश्वरीताईंना मी स्वतः फोन केला. दहा आकड्यांचा निरोप मला कसा कळला ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं.  त्या म्हणाल्या, असा झटका येतो तेव्हा ठरवून बोलायचे शब्द जातात, पाठ झालेलं मागे राहतं. कुणाची आरती राहते, कुणाच्या शिव्या, कुणाचे आकडे. त्याचा अर्थ काही असेलच असं नाही.

म्हणजे तुम्ही मला थांब म्हणाला नव्हतात. निदान तसं म्हणता येत नाही. मग मी दोन आठवडे कशावर थांबले?

कागद अजून आलेला नाही.

कौमुदी

त्सुफेनहाउझेन, गुरुवार, २७ फेब्रुवारी

बाबा,

काल आई फोनवर सहज बोलून गेली, आणि तेव्हापासून मी संस्थेत गेले नाही. तुमचं व्याख्यान व्हायचं त्या शाळेतल्या सुमेधाताई तुम्हाला बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, डिसेंबरात सर आले होते, दोन वर्षांनी पहिल्यांदा. आईला तुम्ही सांगितलंत दात दाखवायला जातो.

व्याख्यान तेच झालं म्हणे. पेटी, दांडा, बल्ब. पण शेवट वेगळा. सुमेधाताईंनी आईला जसं सांगितलं तसं मी लिहून घेतलंय. तुम्ही मुलांना म्हणालात, "हे विमान ज्यांनी उपाशीपोटी बांधलं त्यांची नावं मला माहीत नाहीत. मी तीस वर्षं विचारलं नाही, ती माझी चूक. माझी मुलगी जर्मनीत आहे, ती शोधते आहे. तिला सापडली की मी परत येईन आणि तुम्हाला वाचून दाखवीन."

बाबा, मी शोधत नाहीये. आई, हे गाळलंस तर माझी शपथ आहे तुला.

मी कधीच शोधत नव्हते. मी वीजकेंद्राच्या टर्बाइनवर कोटिंग करते, त्याचा त्या कैद्यांशी काही संबंध नाही. त्या व्याख्यानाच्या आदल्या महिन्यात संस्थेच्या सहलीत एक भुयार बघितलं होतं, चाळीस मिनिटं, खाली गारठा, बाहेर आल्यावर सगळ्यांनी कॉफी घेतली. तेवढ्यावर मी तुम्हाला सत्तर माणसांत उभं केलं. मला त्या माणसांचा कळवळा नव्हता आला. मला एकदा तुम्हाला गप्प करायचं होतं. लहानपणापासून प्रत्येक वाद तुम्ही जिंकलात, गणिताच्या मार्कांपासून कुठल्या गल्लीनं स्टेशनला जायचं इथपर्यंत, आणि त्या दिवशी माझ्या हाती असं काही लागलं ज्यावर तुमच्याकडे उत्तर नसणार हे मला माहीत होतं. माझ्या पोटात काय होतं ते मला पक्कं आठवतंय. आनंद होता.

आणि तुम्ही तो प्रश्न खरा मानलात. दोन वर्षं घरी बसलात, व्याख्यान बंद केलंत, आणि मग परत जाऊन मुलांसमोर माझं नाव घेतलंत. माझी मुलगी शोधते आहे.

मी आज ब्रेनर आजोबांना फोन केला. विचारलं, नावं कुठं मिळतात? ते म्हणाले, "हो, ते आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं." याद्या आहेत, अपुऱ्या आहेत, कुणाचा नंबर आहे, कुणाचं नाव चुकीचं उतरवलंय. कुणी कुठलं पातं केलं हे तर कुणालाच सांगता येणार नाही. त्या भुयारांपाशी आता कैद्यांचं स्मारक आहे, त्याच्या संग्रहाला ईमेल केली. दोन ते तीन महिन्यांत उत्तर देऊ म्हणाले.

दोन ते तीन महिने.

कौमुदी

त्सुफेनहाउझेन, मंगळवार, ४ मार्च

बाबा,

रविवारी तुम्हाला परत झटका आला. आई म्हणते आता डोळे कमी उघडता. पेटी हाताशी ठेवली की दांड्यावर बोटं ठेवता, मोजता, आणि सातला थांबता. पुढचं येत नाही. बल्ब तसाच पेटलेला राहतो, मग आई प्लग काढते.

आज मला कागद मिळाला. कसा मिळाला ते सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय मला तुमच्यासमोर यायचं नाही.

वाल्डॉर्फ गावात राहणारा प्रणव, माझ्याबरोबर जर्मनीत आलेला, त्याचे वडील गेल्या वर्षी आजारी पडले तेव्हा डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र घेऊन सकाळी सात वाजता तो त्याच्या बेहोर्डच्या दारात उभा राहिला होता. टेर्मिन नव्हता. दुपारच्या आत कागद घेऊन बाहेर. हे त्यानं मला नऊ जानेवारीला सांगितलं होतं. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाला, काकूंना सांग डॉक्टरांचं पत्र पाठवायला, एक दिवसाचं काम आहे. मी 'गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणाले, आभार मानले, आणि आईकडे पत्र मागितलं नाही. आज पत्र घेऊन गेले. सातला रांगेत उभी राहिले, पावणेदहाला कागद हातात होता. खिडकीतल्या बाईनं पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, "जानेवारीत का नाही आलात?"

मी कागद घडी करून बॅगेत ठेवला आणि बाहेर पडले.

बाबा, तुमच्या-माझ्या वादात मी सारखी म्हणायचे, हुकमाला दोष देऊ नका, इंजिनच तयार नव्हतं. माझंही तेच झालं. पहिल्या पत्रात मी तुम्हाला हुकूम दाखवला, कार्ड, ईमेल, टेर्मिन. उशीर त्यानं झाला नाही. मलाच यायची भीती वाटत होती. तुम्ही माझ्याकडे बघाल आणि मान फिरवाल, आणि या वेळी मध्ये फोन नसेल. मग तुमचे दहा आकडे कानावर आले आणि मी त्यांतून मला हवं ते ऐकलं. आठ आठवडे गेले. आठ आठवड्यांपूर्वी तुम्हाला सगळं समजत होतं.

परवाचं तिकीट आहे. फ्रँकफुर्टहून मुंबई, शुक्रवारी सकाळी घरी.

आई, हे आत्ताच्या आत्ता वाच. उद्यावर ठेवू नकोस.

कौमुदी

फ्रँकफुर्ट विमानतळ, गुरुवार, ६ मार्च

बाबा,

हे फोटो काढून पाठवणार नाही. खिशात घेऊन येतेय.

आईचा फोन आला होता, परवाचं पत्र वाचून झाल्यावरचा. तुम्ही डोळे मिटून होतात, काही हललं नाही, झोपला होतात की ऐकत होतात ते तिला कळलं नाही. मी विचारलं, मान फिरवली का? ती म्हणाली, "नाही गं, पण आता ह्यांना मान हलवता येत नाही."

स्मारकाच्या संग्रहातून आज उत्तर आलं, एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. इंजिनांच्या भुयारातल्या एका पाळीची यादी मिळाली आहे, एकच पान, अठरा नोंदी. त्यांतल्या पाचांत नाव नाही, नुसता नंबर. माझ्या पात्याशी या माणसांचा संबंध आहे असं मी कुणालाही सांगणार नाही, कारण तसं सांगता येत नाही. पण तुम्ही मुलांना शब्द दिलाय. मी ती नावं देवनागरीत उतरवून घेतली आहेत, उच्चार ब्रेनर आजोबांना विचारून. पोलिश आहेत, रशियन आहेत, एक फ्रेंच आहे. सुमेधाताईंना फोन केलाय. शाळेत तुम्ही जाल की मी जाईन ते बघू.

ब्रेनर आजोबांनी ते पातं चार दिवसांसाठी दिलं असतं. मी नको म्हणाले. तुमच्या हातात द्यायला त्या नावांशिवाय मला दुसरं काही आणायचं नव्हतं.

आमचं विमान पन्नास मिनिटं उशिरा आहे. पाटीवर कारण लिहिलेलं नाही. मी खिडकीशी बसून इंजिनाकडे बघतेय, ते काही नाजूक नाही, पंचवीस हजार तास चालतं, आणि तरी ते मला तुमच्याकडे वेळेवर नेईल का, हे त्याच्या हातात नाही. माझ्याही हातात राहिलेलं नाही.

घरी आले की हात धुऊन आधी तुमच्याजवळ बसेन. काही बोलणार नाही, वाद तर मुळीच नाही. पेटीचा प्लग लावेन, तुमचा डावा हात दांड्यावर ठेवेन, वर माझा हात. तुम्ही मोजा, जेवढं येईल तेवढं. सातला थांबलात तर थांबा. दांडा मी सोडणार नाही, आणि या वेळी घाईही करणार नाही. आठ, नऊ, दहा मी म्हणेन.

तेवढं मोजायला थांबा, बाबा.

कौमुदी